आईनं रोज पेपर ‘वाचला’

पत्र लांब होतं, आटोपतं घेऊन देते आहे:

‘ताई, मी काळाचौकीला राहते, विम्याच्या ऑफिसात आहे. आई ६३ वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्ही. लग्न होऊन १९८१ ला संगमेश्वरकडून मुंबईत आली. बाबा गिरणीत. संपानंतर तिनं घरात खानावळ चालवली, वीस माणसं जेवायची, हिशेब सगळा डोक्यात. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंचा ऑफिसात फोन आला, आई मोरीपाशी घामानं भिजून बसलीय, काहीबाही बोलतेय. दवाखान्यात नेलं तर शुगर ५५. केमिस्टकडे नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी नव्हती म्हणून त्यानं दुसऱ्या कंपनीची तीच गोळी दिली होती. आईनं जुनी हिरवी पट्टी चालू ठेवली आणि नवी गुलाबीही सुरू केली. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, “आजी, वाचता येत नाही का?” आई म्हणाली, चष्मा घरी राहिला. रात्री मी चष्मा आणि पट्टी तिच्या हातात दिली, म्हटलं, वाच. तिला वाचता येईना. ताई, ३८ वर्षांत मला हे माहीत नव्हतं. रोज सकाळी पेपर उघडून बसते ती! मी नको ते बोलले. आता ती कामापुरतं बोलते. कोणाला सांगायचं नाही, डॉक्टरला तर नाहीच, अशी शपथ घातलीय. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना सांगू का? आईला साक्षरता वर्गात घालू का?
शपथेत अडकलेली लेक’

प्रिय लेकीस,

शपथ मोडू नका. मोडावी लागणारही नाही, कसं ते पुढे येईलच. आधी गोळ्यांचं बघू, ते आज रात्रीचं काम आहे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. दुप्पट गेली की शुगर घसरते, आणि एकदा वर आणली तरी औषधाचा जोर असेपर्यंत पुन्हा घसरू शकते. म्हणून तुम्ही साखर चारून घरी बसला नाहीत हे बरं केलंत. पुन्हा असा घाम, थरथर, गोंधळ दिसला तर, आणि आईला नीट गिळता येत असेल तर, तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघा, आणि आराम पडला तरी डॉक्टरांना कळवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. एवढं शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा. यात शपथ कुठे आड येत नाही.

आता घरातल्या सगळ्या पट्ट्या पलंगावर पसरा. पट्टीवर दोन नावं असतात, एक कंपनीनं ठेवलेलं आणि एक औषधाचं. २०१८ पासून बहुतेक औषधांवर हे दुसरं नाव मोठ्या अक्षरात छापावं असा नियम आहे. तुम्ही तेवढंच वाचा. दोन पट्ट्यांवर तेच नाव निघालं की त्यातली एक घरात ठेवायची नाही. आणि पट्टीतल्या चारच गोळ्या घ्यायच्या असतील तेव्हा केमिस्टच्या कात्रीवर लक्ष ठेवा. नाव बरेचदा त्याच्याकडच्या अर्ध्यावर राहतं, आपल्याकडे येतो नुसता चकचकीत कागद.

आईसाठी एकच गोष्ट. केमिस्टकडे जाताना संपलेली पट्टी बरोबर न्यायची आणि रंग वेगळा दिसला की तिथंच विचारायचं, ‘ही त्याच्याऐवजी, की त्याच्याबरोबर?’ तिच्या अपघाताचं सगळं मूळ या प्रश्नात आहे. तो कोणीच विचारला नाही, आणि उत्तर देण्याचं काम ज्याचं होतं त्यानंही ते आपणहून दिलं नाही.

तुमच्या पत्रात ‘निष्काळजी’ हा शब्द दोनदा आला होता, मी तो गाळला. आई रंगावर चालत होती आणि रंग बदलला. हिरवी शुगरची, पांढरी बीपीची. आता गुलाबी आली म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी नवीन दिलं असणार, आणि हिरवी पैसे देऊन आणलेली आहे, टाकायची कशी? यात चूक दाखवा बघू. याच रीतीनं ती चाळीसहून जास्त वर्षं या शहरात वावरली. लाल-पिवळे पट्टे दिसले की फर्स्ट क्लास, पुढे सरकायचं. पदर घेतलेल्या बाईचं चित्र दिसलं की आपला डबा. हा देश १९५१-५२ ला पहिल्यांदा मतदानाला गेला तेव्हा शंभरात अठराजण साक्षर होते. आधी बाराखडी शिका मग मत द्या, असं कोणी म्हटलं नाही. प्रत्येक पक्षाला चित्र दिलं, ते मतपेटीवर लावलं आणि लोकांनी बरोबर हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकल्या. गोळ्यांच्या बाबतीत मात्र दोन कंपन्यांची एकच गोळी दोन रंगांत येते आणि ओळखायची जबाबदारी मोरीपाशी बसलेल्या बाईवर.

तिनं तुमच्यापासून का लपवलं, हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. अमेरिकेत अटलांटाच्या एका सरकारी रुग्णालयात याच गोष्टीचा अभ्यास झाला, १९९६ साली छापून आला. वाचताना अडतं असं ज्यांनी कबूल केलं, त्यातल्या ६७ टक्के लोकांनी ते आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला कधी सांगितलं नव्हतं आणि ५३ टक्क्यांनी मुलांना. म्हणजे घरातल्या माणसांपासूनही लपवलं जातं. साहजिक आहे. केमिस्टसमोरची लाज दुकानाची पायरी उतरली की संपते, लेकीसमोरची रोज जेवायला बसते. आणि एक सांगू? २०११ च्या जनगणनेत तुमच्या घरी माणूस आला असेल तेव्हा आईच्या नावापुढे ‘साक्षर’ लागलं असण्याचीच शक्यता जास्त. जनगणनेची व्याख्या चांगली आहे, कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता आलं पाहिजे अशी. पण परीक्षा कोणी घेत नाही, घरचे सांगतील ते लिहिलं जातं, आणि सांगणाऱ्या तुम्हीच असाल. तरीही त्या गणनेत महाराष्ट्रातल्या बायकांचं साक्षरतेचं प्रमाण सुमारे ७६ टक्केच निघालं. तुमच्या इमारतीत आई एकटी आहे असं तिला वाटत असेल. मला नाही वाटत.

आता डॉक्टर. मी २७ वर्षं महापालिकेच्या एका रुग्णालयात समाजसेविका होते, ओपीडीच्या बाहेर माझं टेबल. केस पेपर हातात धरून लोक यायचे आणि विचारायचे, ‘बाई, काय म्हणाले हो ते?’ दोन मिनिटांपूर्वी आत ‘समजलं का’ला ‘हो’ म्हणून आलेलेच लोक. ‘समजलं का?’ला ‘नाही’ म्हणणारा माणूस मी २७ वर्षांत पाच-सहा वेळा पाहिला असेन, त्यातले दोन वकील होते.

मी काही वेगळी नव्हते. एका मावशींना मी चांगली ऐसपैस मराठीत सांगितलं होतं, उद्या रक्त द्यायला उपास करून या. दुसऱ्या दिवशी शुगर आली भलतीच. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला डॉक्टर औषध वाढवायला निघाले तेव्हा मी सहज विचारलं, मावशी, सकाळपासून काय काय झालं? म्हणाल्या, ‘काही नाही हो, उपासच आहे. थोडी साबुदाण्याची खिचडी, एक केळं आणि चहा.’ उपासाला साबुदाणा चालतो, शेंगदाण्याचं कूट चालतं, बटाटा चालतो. चूक माझ्या शब्दाची होती आणि दोनदा परत जावं लागलं त्यांना, परळहून मानखुर्दला. त्यानंतर मी ‘उपास’ हा शब्द तोंडातून काढला नाही. ‘रात्री जेवल्यावर सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही’ असं म्हणायचे. चहा वेगळा सांगावा लागतो. आपल्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत.

अशा शब्दांची एक वहीच होईल. रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून पेढे आणणारे पाहिलेत मी. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ ऐकून गोळी बंद करणारे तर ढिगानं. ‘एक चमचा’ म्हणजे घरातला कुठला चमचा, हे औषधाच्या बाटलीला माहीत नसतं. हे सगळे काही निरक्षर नव्हते. २००६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या’ हे लेबल लोकांना वाचायला दिलं. वाचन कच्चं असलेल्यांपैकी ७१ टक्क्यांनी ते बरोबर म्हणून दाखवलं. मग गोळ्या पुढे ठेवल्या आणि सांगितलं, दिवसभरात किती घ्याल तेवढ्या मोजून द्या. बरोबर चार मोजणारे निघाले ३५ टक्के. अक्षर लागलं, अर्थ नाही लागला. म्हणून वर्गात घातलं की गोळ्यांचा प्रश्न सुटेल या भरवशावर राहू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोळ्या थांबायला तयार नाहीत.

खरा उपाय डॉक्टरांच्या तोंडी असतो. सांगून झालं की विचारायचं, ‘आता घरी जाऊन कसं घेणार, मला सांगा बरं.’ पेशंटनं उलट सांगितलं की गडबड कुठे आहे ते तिथंच कळतं. वेळही फारसा जात नाही, पण आपल्याकडे कोणी करत नाही. तिकडेही करत नाहीत म्हणा. सॅन फ्रान्सिस्कोत २००३ साली डायबेटिसच्या पेशंटशी डॉक्टर काय बोलतात ते टेप करून ऐकलं, तर नवीन सांगितलेल्या गोष्टींपैकी १२ टक्केच गोष्टी पेशंटला समजल्या का हे डॉक्टरांनी तपासलं होतं. ज्या पेशंटना विचारलं गेलं त्यांची शुगर इतरांपेक्षा बरी होती. आपल्या ओपीडीत दारातली रांग बघून डॉक्टरला हे सुचणं कठीण, हे मला मान्य आहे. ‘वाचता येत नाही का’ विचारायला मात्र वेळ मिळतो, तोही सगळ्यांसमोर.

तर हे काम आईकडे द्या. तिला एक वाक्य पाठ करू दे. खानावळीचा हिशेब डोक्यात ठेवणारी बाई आहे, तिला हे काहीच नाही. डॉक्टरांचं बोलून झालं की उठायचं नाही, म्हणायचं: ‘डॉक्टर, घरी गेल्यावर मुलगी विचारेल. तिला काय सांगायचं ते मी म्हणते, चुकलं तर थांबवा.’ आणि सगळं म्हणून दाखवायचं. यात ‘मला वाचता येत नाही’ कुठेही येत नाही. उलट डॉक्टरांना वाटतं, मुलगी फार शिस्तीची आहे. होऊ दे तुमची बदनामी, तेवढं तुम्ही आईचं देणं लागता.

तुम्ही बरोबर असाल तर तुम्हीही ‘आईला’ म्हणून काही मागू नका. ‘आम्हाला तोंडी सांगा, कागद घरी गेल्यावर कोणी बघत नाही’ असं म्हणा. ते खरंही आहे. मी स्वतः म्युच्युअल फंडाच्या कागदांवर पेन्सिलीची फुली असेल तिथं सही करते आणि ‘वाचलंत ना मॅडम’ला मान डोलावते. एम.ए. आहे मी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी संमतीपत्र येईल. बहुधा इंग्रजीत, बहुधा घाईत. आईला सही येते असं तुम्ही लिहिलंय आणि सही येणाऱ्या माणसाला कोणी वाचून दाखवत नाही, अंगठेवाल्याला निदान वाचून दाखवायची पद्धत आहे. तेव्हा तुम्हीच म्हणा, मराठीत सांगा: कुठला डोळा, कुठली लेन्स, किती पैसे, काय बिघडू शकतं. हे उपकार मागणं नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती.

पण मोतीबिंदूत ऑपरेशन सोपं असतं, थेंब कठीण. दोन-तीन बाटल्या मिळतात, सगळ्या छोट्या, सगळ्या पांढऱ्या. त्यातल्या एकीचे थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार असे उतरत जातात. दोन बाटल्यांच्या थेंबांत पाच मिनिटांचं अंतर. कागदावर याचा एक तक्ता असतो, तो मलाही दोनदा वाचावा लागतो. शिवाय एका डोळ्यावर नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसानं तो वाचायचा!

इथं चिंचोके घ्या. उतरत्या थेंबांच्या बाटलीला लाल दोरा बांधा, तिच्याशेजारी दोन वाट्या. सकाळी एका वाटीत सहा चिंचोके. एक थेंब घातला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. रात्री झोपताना पहिली वाटी रिकामी पाहिजे. डॉक्टरांनी दर आठवड्याला एक कमी करायला सांगितलं असेल तर त्या वारी एक चिंचोका उचलून डब्यात टाकायचा. वेळा घड्याळावर बांधू नका, तिच्या दिवसावर बांधा. नळाला पाणी येतं ती एक वेळ, सकाळचा चहा, दुपारचं जेवण, चारचा चहा, दिवेलागण, रात्रीची मालिका. झाल्या सहा.

पाकिटांवर सूर्य-चंद्र काढायचा मोह होईल. आम्ही एकदा काढले होते, सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. एका आजोबांनी सकाळची गोळी महिनाभर दुपारी बाराला घेतली. ऊन तेव्हाच असतं म्हणाले, आमच्या खोलीत सकाळी कुठलं? चाळीतली मागची खोली होती. तेव्हा खूण काय असावी ते आईलाच ठरवू द्या. तिच्याकडे चाळीस वर्षांच्या खुणा आहेत, तुमच्यापेक्षा पक्क्या.

राहता राहिला वर्ग. तिला हवा असेल तर जरूर, पण ‘घालू का’ हे क्रियापद बदला, ती काही बालवाडीत जात नाहीये. केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे, पंधरा वर्षांपुढच्या कोणालाही त्यात येता येतं. शिकवणारे स्वयंसेवक असतात, आणि जवळच्या शाळेत चौकशी केली की नोंदणी कळते. शेवटी १५० गुणांची परीक्षा, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान ५०-५० गुणांचं. महाराष्ट्रातली पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. संख्याज्ञानात तुमच्या आईला ५० पैकी ५० पडतील यावर मी पैज लावते. अडचण एवढीच की परीक्षा शाळेत असते आणि शाळा गल्लीत. मुरबाडजवळ फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून जातात. तिथं सगळ्याच आज्या, कोणी कोणापासून लपायचं? काळाचौकीत तसं नाही. तेव्हा दुसऱ्या वॉर्डातली शाळा बघा, ‘भजनी मंडळ’ म्हणून घराबाहेर पडता येईल अशी. एवढं खोटं चालतं.

तुम्ही स्वतः शिकवू नका, निदान सुरुवातीला. त्या रात्री ‘वाच’ म्हणून तुम्ही पट्टी तिच्या हातात दिलीत, तो शब्द तुमच्या तोंडून तिला पुन्हा इतक्यात ऐकवणार नाही. घरात दुसरी-तिसरीतलं कोणी पोर आहे का, तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर त्याचा गृहपाठ आजीसमोर मोठ्यानं होऊ द्या, बाकी काही करू नका.

माफी एकदा मागा, थोडक्यात, स्वयंपाकघरात तिची पाठ असताना. मग पट्ट्या तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘तू कशी लावायचीस, मला दाखव.’ तुम्ही बघा आणि त्याच पद्धतीत फक्त ‘ऐवजी की बरोबर’ घाला. आणि सकाळचा पेपर बंद करू नका. समोरचा फोटो बघून ती तुम्हाला विचारत असेल, ‘काय झालं गं हे?’ आणि तुम्ही घाईत सांगत असाल. आता जरा सावकाश सांगा.

थेंबांचा तक्ता हातात आला की मला पाठवा. किती चिंचोके, कुठल्या वारी किती उचलायचे, ते बसवून देते. वाट्या कुठल्या घ्यायच्या ते मात्र आईला विचारा, स्वयंपाकातली वाटी तिला या कामाला चालणार नाही.

तुमची,
ताई